कुंपणाच्या बाजूनं

दुसरा टायर फुटला तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. आवाज फार मोठा झाला नाही. गाडी डावीकडे ओढली गेली, तांबड्या धुळीत थोडी घसरली आणि थांबली. मी स्टिअरिंग सोडलं नाही, ब्रेकवर जोरात पाय दिला नाही, हे शेजारी बसलेल्या अण्णांनी पाहिलं.

"बरी धरलीस," ते म्हणाले. "घाबरली असतीस तर पलटी झाली असती."

माझे वडील चौतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते, कराड डेपोला. त्यांच्या तोंडून हे ऐकून मला बरं वाटलं, ते आजही आठवतं. मागच्या सीटवर आई होती. तिनं फक्त विचारलं, "परत तेच का?"

तेच होतं. तासाभरापूर्वी पहिला टायर फुटला होता. तो अण्णांनी आणि मी मिळून बदलला. म्हणजे बदलला त्यांनीच. मी पान्हे हातात देत होते. एकोणसत्तराव्या वर्षी त्यांचे हात नट फिरवताना जराही चुकले नव्हते. आता जादा टायर उरला नव्हता.

पंधरा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा मी ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात, डनबार वेल्स नावाच्या गावात नर्स होते. गाव म्हणजे साठ-सत्तर घरं, एक पेट्रोल पंप, एक शाळा आणि सहा खाटांचं आमचं हॉस्पिटल. मोठं शहर सातशे किलोमीटरवर. भाजी, दूध, ब्रेड आठवड्यातून एकदा ट्रकनं यायचं, आणि पाऊस पडून रस्ता बंद झाला तर तेही नाही. माझा नवरा विद्याधर खाणीवर होता. चौदा दिवस तिकडे, सात दिवस घरी. आईअण्णा आले त्याला सहा आठवडे झाले होते. त्या शनिवारी आम्ही नोरीनकडे जेवायला गेलो होतो. नोरीन आणि तिचा नवरा टेड यांचं गुरांचं मोठं रान गावापासून दीडशे किलोमीटरवर होतं. तिकडे हे शेजारच समजतात. आम्ही परत निघालो होतो, आणि निम्म्या वाटेवर ही वेळ आली.

मी गाडीतला बिनतारी रेडिओ लावला. तिसऱ्या हाकेला नोरीनचा आवाज आला.

"दोन टायर? तुझं नशीब भारी आहे," ती म्हणाली. "टेड निघतोय. तुझ्या गाडीला बसेल असं चाक आहे आमच्याकडे. दोन तास धर. पाणी किती आहे?"

"तीस लिटर."

"छान. गाडी सोडू नका."

हे वाक्य तिथं प्रत्येक जण प्रत्येकाला सांगतो. नवीन नर्स आली की पहिल्या दिवशी तिला औषधांचं कपाट दाखवतात आणि हे सांगतात. गाडी बंद पडली तर गाडीजवळ थांबायचं. गाडी वरून दिसते, माणूस दिसत नाही. मी आईअण्णांना आल्या आल्या ते सांगितलं होतं, आणि तेव्हा अण्णा हसले होते. "पाशिंजर सोडून ड्रायव्हर कुठं जातोय," म्हणाले होते.

मी ताडपत्रीचं एक टोक गाडीच्या टपाला आणि दुसरं दोन काठ्यांना बांधलं. सावली झाली. बाहेर त्रेचाळीस अंश असतील. डोळ्यांच्या कोपऱ्यात बसणाऱ्या माश्या हाकलत आम्ही तिघं बसलो. रस्ता दोन्ही बाजूंना सरळ गेलेला, आणि उजव्या अंगाला तारेचं एक जुनं कुंपण रस्त्यापासून फुटून लांब आत गेलेलं. बाकी काही नाही. खुरटी झुडपं आणि दगड.

अण्णा बसेनात. उठायचे, चाकाकडे बघून यायचे, पुन्हा उठायचे.

"किती वाजता सुटायची?" त्यांनी विचारलं.

"टेड आला की."

"लोक उन्हात बसल्यात गं. तक्रार करतील."

मी हसले. "कोण लोक अण्णा? आम्ही दोघीच आहोत. आमची तक्रार नाही."

तेही हसले. निदान मला तसं वाटलं. थोड्या वेळानं ते माझ्याजवळ वाकून हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, तुमी पाशिंजर बगा. मी फुडं जाऊन कंट्रोलरला फोन लावतो."

एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात. लहानपणी अण्णा मला खांद्याला पिशवी अडकवून मास्तर करायचे, मी घरातल्या सगळ्यांना तिकिटं फाडून द्यायची. मला वाटलं, त्यांना त्याचीच आठवण झाली. मी म्हणाले, "आधी डबल बेल मारू दे, मग जा."

आई आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती.

आदल्या रात्री मी ड्यूटीवर होते. सकाळी तीन तास झोपून गाडी चालवायला बसले होते. नोरीनचं भरपूर जेवण, ते ऊन, ताडपत्रीखालची ती जड हवा. मी चाकाला पाठ टेकवली. अण्णा आईच्या शेजारी बसले, हे पाहिलं आणि डोळे मिटले. पाच मिनिटं, असं मनाशी म्हणाले.

जागी झाले तेव्हा चारला दहा कमी होते. तोंड कोरडं पडलं होतं. आई होती तशीच बसली होती, पदर डोक्यावर घेऊन, रस्त्याकडे तोंड करून.

"अण्णा कुठंत?"

"असतील मागं."

मी गाडीमागे गेले. गाडीच्या भोवती फिरले. मागचं दार उघडलं. हाक मारली. मग हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. तो आवाज थांबल्यावर इतकं शांत झालं की मला माझाच श्वास ऐकू आला.

"आई, अण्णा नाहीत इथं."

आई उठून उभी राहिली. ताडपत्रीच्या बाहेर आली नाही.

मी पाणी मोजलं. एकही बाटली कमी नव्हती. अण्णांची टोपी डॅशबोर्डवर होती. रस्त्यावर आमच्या पावलांचा नुसता गोंधळ होता. मी गावाच्या दिशेनं पळत सुटले, गाडी लहान दिसायला लागेपर्यंत गेले, ओरडले, परत आले. आईनं माझा दंड धरला. तिच्या हाताला घाम नव्हता, हात गार होता.

"तू जायचं न्हाई," ती म्हणाली. "तू बी गेलीस तर मी कुणाच्या तोंडाकडं बगू?"

मी रेडिओ घेतला. नोरीनचा आवाज एका क्षणात बदलला.

"कधी गेला?"

"मला माहीत नाही. मला झोप लागली होती."

"त्याच्याकडे पाणी आहे?"

"नाही."

"कधी गेला, हे मला पाहिजे. अंदाज सांग. किती लांबपर्यंत शोधायचं, त्यावर ठरेल."

मी आईकडे वळले. "आई, किती वेळ झाला असेल?"

"तासभर," आई म्हणाली. मग थोडं थांबून, "तासभर तरी झाला. त्या कुंपणाच्या बाजूनं."

मी रेडिओत तेच सांगितलं. तास झाला, कुंपणाच्या बाजूनं. आईला हे कसं माहीत, असा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. मला एवढंच कळलं की रस्त्यावर धावून उपयोग नाही.

नोरीन त्या वेळी साठीच्या पुढे होती. गुरं हुडकायला तिच्याकडे दोन माणसं बसतील असं छोटं विमान होतं आणि ते ती स्वतः चालवायची. पंधरा मिनिटांत ती निघाली. टेड गाडी घेऊन सव्वाचारला पोहोचला. त्यानं मला काही विचारलं नाही. आईला पाणी दिलं, आमच्या गाडीला चाक बसवलं, आणि मग त्याच्या गाडीतल्या रेडिओजवळ आम्ही तिघं उभे राहिलो. वर नोरीनचं विमान कुंपणाच्या रेषेवरून जायचं, वळायचं, परत यायचं. 

आई जमिनीवर बसली होती. ती देवाचं नाव घेत नव्हती. मी तिच्याजवळ गेले तर म्हणाली, "मला हात लावू नको."

पाच वाजून वीस मिनिटांनी नोरीन बोलली. "दिसला. जुन्या टाकीजवळ, झाडाखाली. बसलाय. हलतोय की नाही, ते इथून सांगता येत नाही."

आईला आमच्या गाडीत बसवून मी आणि टेड कुंपणाच्या कडेनं झुडपांतून गाडी घेऊन गेलो. पाच किलोमीटर असेल. गुरांना पाणी पाजायची गंजलेली टाकी होती, कोरडी ठाक. तिच्या बाजूला एका वाकड्या झाडाखाली अण्णा पाय पसरून बसले होते. सदरा काढून नीट घडी करून मांडीवर ठेवलेला. चेहरा लाल, ओठ फुटलेले, अंगाला घामाचा टिपूस नाही. नर्सला घाम नसण्याचा अर्थ माहीत असतो. मी त्यांच्या मानेवर, काखेत ओले टॉवेल लावले, ओठांवर थेंब थेंब पाणी सोडलं.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "गाडी फुडं जात न्हाई बाई. दुसऱ्या गाडीनं जावा."

त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

अण्णा वाचले. हे आधीच सांगते, कारण पुढचं त्याहून अवघड आहे.

आमच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, बाकी सगळं फोनवर. फोनवरच्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे मी आणि माझ्याबरोबरच्या नर्सनं सलाइन लावलं, ताप उतरवला, लघवी होते का ते पाहत बसलो. रविवारी दुपारपर्यंत ते थोडं बोलायला लागले. विद्याधर खाणीवरून फोन करत होता, त्याला निघायला गाडी मिळत नव्हती. कराडलाच वेगळा राहणारा माझा भाऊ संपत फोनवर म्हणाला, "ऊन लागलं असेल. वयामुळं होतं." मी हो म्हणाले.

सोमवारी सकाळी गावचा पोलीस आला. कॉलिन त्याचं नाव. अख्ख्या तालुक्याएवढ्या मुलखाला तो एकटा. माणूस हरवला होता म्हणजे कागद करावा लागतो, तो घेऊन आला होता. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आम्ही तिघं बसलो. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मला म्हणाला, "आईला विचार, शेवटचं त्यांना कधी पाहिलं. दोन ओळी लिहायच्यात, बाकी काही नाही."

मी मराठीत विचारलं.

आईनं साडीचा काठ सरळ केला. अंगणवाडीत वीस वर्षं काढलेली बाई ती. कागदावर काही लिहिलं जाणार असेल तर नीट बसायची.

"त्याला सांग," ती म्हणाली, "मी जागी होते. तुझा डोळा लागल्यावर हे उठले. माझ्याकडं बगून म्हणाले, आलोच. आणि कुंपणाच्या बाजूनं चालाय लागले. मी बगत हुते. दिसायचे बंद होस्तोवर बगत हुते. मी हाक मारली न्हाई. तुला उठवलं न्हाई. हे लिहून घ्या म्हणावं."

कॉलिन पेन धरून माझ्याकडे बघत होता.

मी म्हणाले, "तिला पण डुलकी लागली होती. तिनं त्यांना जाताना पाहिलं नाही."

हे वाक्य किती सहज आलं, याचं मला अजून नवल वाटतं. मी विचार केला नाही. दाराशी कुणी पडत असेल तर आपण हात पुढे करतो, तसं ते आलं. कॉलिननं लिहायला सुरुवात केली.

"न्हाई," आई म्हणाली. माझ्या इंग्रजी वाक्यातला 'स्लीप' तिला कळला होता.

त्यानं वर पाहिलं.

आई त्याच्याकडे वळली. गेल्या सहा आठवड्यांत ती थँक्यू आणि गुड मॉर्निंग यापलीकडे इंग्रजी बोललेली नव्हती. "नो स्लीप," ती म्हणाली. मग दोन बोटं आपल्या डोळ्यांजवळ नेली. "आय सी. ही गो. आय सी."

व्हरांड्यात पंखा फिरत होता. कॉलिन आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. मी मान खाली घातली.

"किती वेळानं सांगितलं तिनं?" त्यानं मला विचारलं. आवाज हळू होता.

"तासानं. मी उठल्यावर. दोनदा विचारल्यावर."

"कुंपणाची बाजू तिनंच सांगितली?"

"हो."

त्यानं लिहिलेली ओळ खोडली आणि पुन्हा लिहिलं. मला वाचून दाखवलं: पत्नीने पतीला कुंपणाच्या दिशेने जाताना पाहिले; तिने दिलेल्या माहितीवरून शोध घेतला व ते सापडले. "यातलं काही खोटं आहे का?" त्यानं विचारलं.

मी आईला मराठीत सांगितलं. या वेळी शब्द न् शब्द. आईनं ऐकलं आणि म्हणाली, "निम्मंच लिवलंय त्यानं. असू दे."

कॉलिन उठला. पायरीवर थांबून मला म्हणाला, "माझ्या आईनं माझ्या बापाला सात वर्षं सांभाळलं. तिला झोपू दे." आणि गेला.

आम्ही दोघी तिथंच बसलो. समोरच्या मोकळ्या जागेत दोन कांगारू पाण्याच्या नळाशी आले होते. रोज यायचे, आई रोज कौतुकानं बघायची. त्या दिवशी तिनं पाहिलं नाही.

"तू खोटं का सांगितलंस?" तिनं विचारलं.

"त्याला काय कळणार आहे आई? उगाच काहीतरी अर्थ काढला असता."

"अर्थ काय काढायचा? हाय तो हायच की."

मग ती बोलायला लागली. माझ्याकडे बघून नव्हे, नळाकडे बघून.

चार वर्षं झाली होती. पहिल्यांदा अण्णा बाजारातून घरचा रस्ता विसरले. मग रोज पहाटे उठून पहिली गाडी काढायची म्हणून कपडे घालून दारात. कडी लावली तर आईला मारायचे. ज्या माणसानं आयुष्यात तिच्यावर हात उचलला नव्हता, तो तिला घरात घुसलेली परकी बाई समजून मारायचा. एकदा तिला बाहेर काढून आतून कडी घातली. ती दुपारभर शेजाऱ्यांच्या जिन्यात बसून होती, आणि त्यांना सांगितलं की किल्ली हरवली. धोतरात लघवी व्हायची. ते धुणं ती शेजारी कुणी उठायच्या आत धुवायची. संपतला सांगितलं तर तो म्हणायचा, वयामुळं होतं.

"मला का नाही सांगितलंस? दर रविवारी फोन करत होते मी."

"फोनवर काय सांगायचं? तू इतक्या लांब. तू विचारायचीस, सगळं बरं हाय ना? बरं हाय का, असं न्हाई विचारायचीस. बरं हाय ना, असं विचारायचीस. मग बरं हाय म्हणायचं."

मी तिच्याकडे सरकले.

"म्हणून हितं आणलं त्यांना," आई म्हणाली. "जिवावर उदार होऊन आणलं. विमानात दोनदा उठून दाराकडं गेले. मला वाटलं, पोरगी नर्स हाय, दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांचं हेच बगती. ती बगंल, तिला कळंल, माझ्या तोंडानं सांगायला नको. सहा आठवडे झाले कुंदा. तू बगितलंच न्हाईस."

खरं हे होतं की मी पाहिलं होतं. पहिल्याच आठवड्यात अण्णांनी एका सकाळी मला तीनदा विचारलं, जावई कुठं असतो. पहाटे ते अंगणात चप्पल घालून उभे असायचे. मी म्हणाले, प्रवासामुळं झोपेची वेळ बदललीय. आईच्या मनगटावर निळा डाग होता. ती म्हणाली, बॅग लागली. मी म्हणाले, जपून. हॉस्पिटलात येणाऱ्या म्हाताऱ्यांना मी स्वतः प्रश्न विचारायचे, आज वार कोणता, महिना कोणता, तुम्ही कुठं आहात; उत्तरं कागदावर लिहायचे. वडिलांना मी एकदाही वार विचारला नाही. विचारला असता तर पुढं काहीतरी करावं लागलं असतं. माझी नोकरी, आमचं घर, तिथं राहायचे कागद व्हायला आलेले. ते सगळं हलू नये म्हणून मी जे दिसत होतं ते दिसलंच नाही, असं धरलं.

"त्या दिवशी," मी विचारलं, "त्यांना जाताना बघून तुला काय वाटलं?"

आईची नजर नळावरून हलली नाही.

"बरं वाटलं," ती म्हणाली. "कशाला खोटं सांगू. कुणी हाक मारत न्हाई, कुणी वढत न्हाई. बसले. नुसती बसले. चार वर्षांत अशी बसले नव्हते. मग ते बारीक झाले, मग दिसंनात. मग भ्या वाटाय लागलं. तुला उठवावं म्हटलं, तर तू विचारणार, कवा गेले. जेवढा उशीर हुईल तेवढं अवघड. तू उठलीस तवा मी म्हणाले, असतील मागं. ते म्हटल्यावर मला माझंच भ्या वाटलं."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या होतं. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं धरू दिला, पण परत दाबला नाही.

"एक सांगते," ती म्हणाली. "चार वर्षं मी तुला फोनवर खोटं सांगितलं. आता माझ्या वतीनं तू सांगू नको. अशानं दोघींनी मिळून ह्यांना पार पुसून टाकलं असतं."

मंगळवारी डॉक्टर आले. त्यांनी अण्णांना चार-सहा प्रश्न विचारले. महिना सांगता आला नाही, देश सांगता आला नाही. माझ्याकडे बोट दाखवून ही कोण, असं विचारलं तर अण्णा म्हणाले, "इथल्या बाई. चांगल्या हायत." डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. "हे उन्हानं झालेलं नाही. तीन-चार वर्षांचं आहे. तुम्हाला काही जाणवलं नव्हतं?"

"जाणवलं होतं," मी म्हणाले.

मी राजीनामा दिला. विद्याधर आधी चिडला, मग दोन दिवस बोलला नाही, मग त्यानंच तिकिटं काढली. तो खाणीवर राहिला. महिन्याभरानं मी आईअण्णांना घेऊन कराडला परतले. निघताना नोरीन विमानतळापर्यंत आली होती. आईनं तिला वाकून नमस्कार केला, तेव्हा ती गडबडून गेली.

अण्णा त्यानंतर अडीच वर्षं होते. ते कसे गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अंथरुणावर, हळूहळू, झोपेत. त्या अडीच वर्षांतला एकच दिवस सांगायचा राहिलाय.

कराडला आल्यावर आठवड्यातच मी आईला म्हणाले, "तू उंब्रजला मावशीकडे जा. पंधरा दिवस. मी आहे." तिनं नाही-हो केलं नाही. एक पिशवी भरली आणि गेली. पंधरा दिवस झाले, वीस झाले, महिना झाला. तिनं फोन केला नाही, मीही केला नाही. ती परत येईल असं मी धरून चालले नव्हते. मी नर्स होते, मला शिकवलेलं होतं, आणि तरी त्या महिन्यात मी पार खचले. नर्सची ड्यूटी आठ तासांनी संपते.

ती आली एका दुपारी. अण्णा आत झोपले होते. तिनं पिशवी खाली ठेवली, पाय धुतले, माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"काय झालं?"

मी ठरवलं होतं की सांगायचं नाही. पण सांगितलं.

"गेल्या गुरुवारी ते फाटक उघडून बाहेर गेले. मी व्हरांड्यात बसले होते. मला दिसत होतं. मी उठले नाही."

आई माझ्यासमोर पाटावर बसली.

"किती वेळ?"

"रस्त्याच्या वळणापर्यंत. समोरून ट्रक येत होता. तोपर्यंत."

"मग?"

"मग पळाले."

तिनं मान डोलावली. मला वाटलं ती रडेल, किंवा मला जवळ घेईल. तिनं तसलं काही केलं नाही. उठून पिशवीतून मावशीनं दिलेले शेंगांचे लाडू काढले, डब्यात भरले, झाकण लावलं. आत जाऊन झोपलेल्या अण्णांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग दारात येऊन म्हणाली,

"उद्या सकाळच्या गाडीनं तू जा. मावशीला सांगून आलीय मी. पंधरा दिवस ऱ्हा, नुसती झोप. तवर मी हाय."